प्रवासाचीं टिपणें : उत्तर ध्रुवाच्या शेजारच्या गांवीं जाणाऱ्यांसाठीं

या सदराच्या एका जुन्या वाचकांचें पत्र आलें आहे. त्यांचे चिरंजीव नोकरीनिमित्त युरोपांत असतात. येत्या जून महिन्यांत आईवडिलांना नॉर्वेच्याही उत्तरेस असलेल्या स्वालबार्ड द्वीपसमूहांत नेऊन मध्यरात्रींचा सूर्य दाखवावा, असा त्यांचा मानस आहे. पत्रलेखकांचें वय अडुसष्ट. त्यांच्या पत्नीस जाण्याचा उत्साह आहे. धाकट्या बंधूंस ही निष्कारण जोखीम वाटते. आणि सुनबाईंचें म्हणणें असें कीं, ‘आम्ही सर्व बरोबर असतांना काळजी कसली?’ जावें कीं न जावें, आणि जावयाचें तर तयारी कशी करावी, हें या सदरांतून सांगावें अशी त्यांची विनंति आहे.

सुनबाईंच्या प्रश्नापासूनच आरंभ करणें बरें. आपल्या एकत्र कुटुंबांत एक मोठी सोय असते. एकाच्या विसराळूपणाची भरपाई दुसरा करतो. आजोबांच्या गोळ्या आजी लक्षांत ठेवते, धाकट्याची छत्री थोरली वहिनी उचलून घेते, आणि काशीच्या गाडींत बसल्यावर एखादी पिशवी घरींच राहिली असें कळलें, तर पुढच्या स्टेशनावर तसलीच दुसरी विकत मिळते. स्वालबार्डला ही सोय नाहीं. तेथें प्रत्येकानें आपली तयारी आपल्या अंगावर वागवावी लागते. एकाच्या निष्काळजीपणाचें मोल बरोबरच्या सर्वांना, आणि सोडवणुकीसाठीं धांवून येणाऱ्या परक्या माणसांनाही, द्यावें लागतें. ‘मदत दूर आहे’ हें एक सूत्र मनाशीं पक्कें करावें. पुढील सर्व सूचना म्हणजे त्या सूत्रावरील भाष्य आहे.

हा प्रदेश कोठें व कसा आहे ?

नॉर्वेची मुख्य भूमि आणि उत्तर ध्रुव यांच्या साधारण मध्यावर, ७४ ते ८१ उत्तर अक्षांशांच्या दरम्यान, हीं बेटें पसरलीं आहेत. त्यांचें क्षेत्रफळ सुमारें ६१,००० चौरस किलोमीटर असून निम्म्याहून अधिक भूमि हिमनद्यांनीं झांकलेली आहे. विलेम बारेंट्स हा डच नाविक १५९६ सालीं येथें पोंचला. त्याच्यामागून देवमासे मारणारे आले, आणि पुढें कोळसा खणणारे आले. मुख्य गांव लाँगियरब्येन. जॉन मन्रो लाँगियर या अमेरिकन उद्योजकाच्या कंपनीनें १९०६ सालीं येथें कोळशाची खाण काढली. गांवाला त्याचेंच नांव मिळालें. आज तेथें सुमारें अडीच हजार माणसें राहतात. नॉर्वेची तेथील शेवटची कोळशाची खाण २०२५ च्या जूनमध्यें बंद झाली, आणि आतां गांवाचा चरितार्थ मुख्यतः प्रवासी, विद्यार्थी व संशोधक यांवर चालतो. १९७५ सालीं विमानतळ झाला; ऑस्लोहून निघालेलें विमान सुमारें तीन तासांत पोंचतें.

मराठी वाचकांस या प्रदेशाविषयीं जें कुतूहल वाटतें, त्याचें मूळ बहुधा लोकमान्य टिळकांच्या १९०३ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘आर्क्टिक होम इन द वेदाज’ या ग्रंथांत असतें. वेदांतील दीर्घ उषेचीं वर्णनें ध्रुवप्रदेशाच्या अनुभवावांचून उगम पावणार नाहींत, असें त्यांचें प्रतिपादन होतें. आजचे पुरातत्त्वज्ञ व भाषाशास्त्रज्ञ हा सिद्धांत मान्य करीत नाहींत, हें प्रांजलपणें सांगितलें पाहिजे. परंतु सूर्यसिद्धांतांत मेरूवरील देवांना सहा महिने सूर्य दिसतो व सहा महिने दिसत नाहीं असें म्हटलें आहे, तें ध्रुवबिंदूस तंतोतंत लागूं पडतें. आणि तेथवर कोणी न जातां केवळ गोलाच्या विचारानें तें आमच्या ज्योतिर्विदांस कळलें होतें. त्या गणिताचा पडताळा स्वतःच्या डोळ्यांनीं घेणें, हा प्रवासाचा सबळ हेतु आहे. ‘शेजारचे जाऊन आले’ हा नव्हे.

कोणत्या ऋतूंत जावें ?

आपल्याला काय पाहावयाचें आहे, तें आधीं ठरवावें. ऋतु आपोआप ठरतो.

लाँगियरब्येन ७८ अंशांहून थोडें उत्तरेस आहे. तेथें सुमारें २० एप्रिलपासून २२ ऑगस्टपर्यंत सूर्य मुळींच मावळत नाहीं, आणि २६ ऑक्टोबरच्या सुमारास जो क्षितिजाखालीं जातो तो फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत वर येत नाहीं. डोंगरांच्या आडोशामुळें प्रत्यक्ष गांवांत किरण पोंचावयास ८ मार्च उजाडतो. त्या दिवशीं सर्व गांव जुन्या रुग्णालयाच्या पायऱ्यांपाशीं जमतें, आणि पहिला किरण पायरीवर पडतांच मुलें आनंदानें ओरडतात. दीर्घ उषेचा अर्थ समजून घ्यावयाचा असेल, त्यानें जानेवारीच्या अखेरीस जावें. सूर्य दिसत नसतो, पण मध्यान्हीं दक्षिणेकडे जो उजेड येतो तो दररोज थोडा अधिक वेळ टिकतो, थोडा अधिक वर चढतो, आणि असे दिवसांमागून दिवस जातात. परंतु हा काळ धडधाकट माणसांचा आहे.

मार्च-एप्रिलमध्यें सूर्यही असतो व बर्फही असतें. कुत्र्यांच्या घसरगाड्या व बर्फावर चालणाऱ्या मोटारसायकली याच काळांत निघतात. जून ते ऑगस्ट हा जहाजांचा काळ. किनाऱ्यालगतचें बर्फ वितळतें, पक्षी घरटीं करतात, आणि जमिनीवर दोनचार बोटें उंचीचीं फुलें येतात. वृक्ष मात्र एकही नाहीं. तेथील वाळुंज जातीचें झाड गवतापेक्षांही बुटकें असतें. आमच्या पत्रलेखकांसारख्या वडीलधाऱ्यांसाठीं हाच काळ योग्य.

ज्यांस केवळ आकाशांतील रंगीत ध्रुवीय प्रकाश पाहावयाचा आहे, त्यांनीं इतक्या लांब जाण्याचें कारण नाहीं. त्या प्रकाशाचें कंकण रात्रीं बहुधा स्वालबार्डच्या दक्षिणेस असतें. त्यासाठीं हिंवाळ्यांत नॉर्वेच्या मुख्य भूमीवरील ट्रॉम्सो शहरीं जावें. खर्चही वांचेल आणि प्रकाशही अधिक दिसेल.

मध्यरात्रींच्या सूर्यानें झोंप उडते, हें आधींच जाणून असावें. डोळ्यांवर बांधावयाची काळी पट्टी प्रत्येकानें न्यावी. ज्यांचा नित्यनेम सूर्योदय-सूर्यास्तावर अवलंबून आहे, त्यांनीं घड्याळ प्रमाण मानावें. जेवण, औषध व झोंप हीं घड्याळाप्रमाणें ठेवलीं नाहींत, तर तिसऱ्या दिवशीं वृद्ध माणसें गळून जातात. उन्हाळ्यांत तेथील घड्याळ आपल्या साडेतीन तास मागें असतें.

कागदपत्रें

येथें पुष्कळ सुशिक्षित मंडळी फसतात. १९२० सालच्या ९ फेब्रुवारीस पॅरिस येथें झालेल्या तहानें या बेटांचें स्वामित्व नॉर्वेला मिळालें, पण तहांत सामील असलेल्या सर्व देशांच्या नागरिकांना तेथें राहण्याचा व उद्योग करण्याचा समान हक्क राहिला. हिंदुस्थानच्या वतीनेंही त्या वेळीं सही झाली होती. म्हणून स्वालबार्डसाठीं निराळा व्हिसा लागत नाहीं, हें खरें. परंतु तेथें पोंचावयास नॉर्वेच्या मुख्य भूमीवरूनच जावें लागतें, आणि त्यासाठीं शेंगेन व्हिसा लागतोच. स्वालबार्ड स्वतः शेंगेन क्षेत्राबाहेर आहे. अर्थात् ज्याच्या व्हिशावर एकदांच प्रवेशाची मुभा आहे, त्याची ती मुभा बेटावर जातांना संपते, आणि परतीच्या वेळीं तो अडकतो. यास्तव दोन किंवा अनेक प्रवेशांचा व्हिसा मागावा, आणि हातांत पडल्यावर तो आंकडा स्वतः वाचून पाहावा. चिरंजीवांनीं पाहिला असेल, एजंटानें पाहिला असेल, असें म्हणूं नये.

दुसरा कागद विम्याचा. साधा प्रवासविमा पुरेसा नाहीं. शोध, सुटका आणि विमानानें रुग्णास हलविणें, हे तीन खर्च त्यांत स्पष्ट शब्दांनीं लिहिलेले असले पाहिजेत. वयाची मर्यादा व पूर्वींच्या आजारांविषयींचीं बारीक अक्षरें वडिलांच्या देखत मोठ्यानें वाचावीं.

अंगावर काय घालावें ?

जुलैंत तेथील सरासरी तपमान सात अंशांच्या आसपास असतें. मार्चमध्यें शून्याखालीं पंधरा-वीस अंश ही नित्याची गोष्ट आहे. आंकड्यांपेक्षां वारा अधिक बाधतो. शरीरालगतची उबदार हवा वारा उडवून नेतो. म्हणून एका जाड कोटापेक्षां तीन पातळ थर अधिक उपयोगी. अंगालगत बारीक लोकरीचें वस्त्र, त्यावर जाड लोकरी बंडी, आणि सर्वांत बाहेर वारा व पाणी न शिरणारा अंगरखा. सुती वस्त्र अंगालगत घालूं नये. आपल्या देशीं जो सुताचा गुण, तोच तेथें दोष ठरतो. सूत घाम शोषतें, ओलें राहतें, आणि थांबल्याबरोबर अंग गार पडतें. लोकर ओली झाली तरी बरीच ऊब राखते.

बूट एक माप मोठे घ्यावे, म्हणजे दोन पायमोजे घालूनही बोटें हलतात. बोटें आवळलीं कीं रक्त थांबतें व गारठा चढतो. चार बोटें एकत्र राहतील असे पिशवीसारखे हातमोजे सुट्या बोटांच्या मोज्यांपेक्षां उबदार असतात. कानटोपी, गळपट्टा आणि काळा चष्मा हीं प्रत्येकाचीं वेगळीं असावीं. बर्फावर चालण्यासाठीं बुटांच्या तळाशीं लावावयाचे खिळ्यांचे पट्टे मिळतात. हिंवाळ्यांत ते अवश्य घ्यावे. साठीनंतर थंडीपेक्षां घसरून पडण्याचेंच भय मोठें.

भगिनींस एक सूचना. लुगडें-पातळ हॉटेलांत खुशाल नेसावें; बाहेर जातांना लोकरी विजारीवांचून गत्यंतर नाहीं. हिंवाळ्यांत नथ, कुड्या, बांगड्या काढून ठेवाव्या. धातूंतून उष्णता झटकन् निघून जाते, आणि उघड्या कातडीस चिकटलेला धातु थंडीनें इजा करतो.

फोन व कॅमेरा यांच्या बॅटऱ्या गारठ्यांत लौकर उतरतात. त्या आंतल्या खिशांत ठेवाव्या. बाहेरून आंत येतांना कॅमेरा पिशवींत बंद करूनच आणावा, नाहींतर भिंगावर दंव धरतें.

खाणेंपिणें व घरांतील रीत

गांवांत चांगलें दुकान आहे, उपाहारगृहें आहेत, आणि शाकाहारी पदार्थ सांगितल्यास मिळतात. परंतु सर्व जिन्नस जहाजानें अथवा विमानानें येत असल्यामुळें महाग असतात. जहाजाच्या सफरीवर शाकाहाराची सूचना जागा राखतांनाच द्यावी. बरोबर कोरडा फराळ न्यावा, पण युरोपबाहेरून दुधाचे व मांसाचे पदार्थ नॉर्वेंत आणण्यास बंदी आहे. अर्थात् तूप, पेढे, बर्फी, तुपांतले लाडू यांना घरींच निरोप द्यावा. मेतकूट, भाजणी, तेलांतला चिवडा, खाकरे हीं चालतात. तेथील हवा फार कोरडी. वर्षाचा पाऊस-बर्फ मिळून आपल्या कोंकणांतील एखाद्या जोरदार दिवसाइतकेंच पाणी पडतें. तहान लागत नसली तरी पाणी पीत राहावें.

एक रीत वाचून आमच्या वाचकांस घरच्यासारखें वाटेल. तेथील अनेक हॉटेलांत व संग्रहालयांत पादत्राणें दाराशीं काढून आंत जातात. खाणींतून येणाऱ्या कामगारांच्या बुटांची कोळशाची काजळी घरांत येऊं नये म्हणून पडलेली ही चाल खाणी बंद झाल्यावरही टिकून आहे.

गांवाची वेस

लाँगियरब्येनच्या टोकाला रस्त्यावर पांढऱ्या अस्वलाच्या चित्राची पाटी आहे. तिच्यापुढें वाटाड्याशिवाय एक पाऊलही टाकूं नये. एका वस्तींतून दुसऱ्या वस्तीस जाणारा रस्ताच या बेटांवर नाहीं. बारमाही राहणारीं पांढरीं अस्वलें सुमारें तीनशें असावींत, असा अंदाज आहे. वस्तीबाहेर जाणाऱ्यानें अस्वलास पळवून लावण्याचीं साधनें बाळगलींच पाहिजेत, असा नियम आहे, आणि बंदूकही जवळ असावी असा तेथील प्रशासनाचा सल्ला आहे. हें काम शिकलेल्या वाटाड्याचें. आपण त्याच्याबरोबर जावें, आणि तो ‘परत फिरा’ म्हणाला तर कारण न विचारतां फिरावें. २०२० च्या ऑगस्टमध्यें गांवाच्या विमानतळाजवळच, तंबू ठोकण्याच्या जागेंत, अस्वलाच्या हल्ल्यानें एका माणसाचा प्राण गेला. पाटी ही शोभेची वस्तु नाहीं, हें यावरून कळावें.

दुसरी बाजूही ध्यानांत घ्यावी. अस्वल माणसाच्या प्रदेशांत आलेलें नसतें; माणूस अस्वलाच्या प्रदेशांत गेलेला असतो. १ जानेवारी २०२५ पासून पांढऱ्या अस्वलापासून निदान ३०० मीटर, आणि १ मार्च ते ३० जून या काळांत ५०० मीटर दूर राहण्याचा कायदा आहे. जहाजावरून अस्वल ठिपक्याएवढें दिसलें म्हणून कोणी नाखुष होऊं नये. दुर्बीण न्यावी. कोल्ह्यांस खाऊं घालूं नये. त्यांच्यांत पिसाळीचा रोग आढळतो. सुरय पक्ष्यांच्या घरट्यांजवळ गेल्यास ते डोक्यावर झडप घालतात. अशा वेळीं काठी किंवा हात डोक्याच्या वर धरून मुकाट्यानें मागें फिरावें, कारण ते उंचांतल्या उंच भागावर टोंचतात.

हवामानाविषयीं जुन्या माणसांचे आडाखेही आतां चुकूं लागले आहेत. पृथ्वीवर अत्यंत वेगानें तापणाऱ्या प्रदेशांपैकीं हा एक आहे. २५ जुलै २०२० रोजीं येथें २१.७ अंश तपमान नोंदलें गेलें. १९ डिसेंबर २०१५ रोजीं डोंगरावरील बर्फाचा कडा लाँगियरब्येनच्या वस्तीवर कोसळून दोन जीव गेले. त्यानंतर धोक्याच्या जागीं असलेलीं कांहीं घरें हलविण्यांत आलीं. म्हणून त्या दिवशींची सूचना वाचावी, मागील वर्षीं कोणी काय केलें तें विचारूं नये.

प्रकृति आणि वय

आतां मुख्य प्रश्न. लाँगियरब्येनला रुग्णालय आहे, पण तें लहान आहे. तातडीचे उपचार होतात, आणि गंभीर रुग्णास विमानानें ट्रॉम्सोस पाठवितात. तें सुमारें ९५० किलोमीटर दूर आहे. धुकें असलें कीं विमानही थांबतें. जहाज गांवापासून दोन दिवसांच्या अंतरावर असतांना छातींत कळ आली, तर भोंवतीं चार मुलगे व तीन सुना असून काय उपयोग ?

या गांवांत मरणें कायद्यानें निषिद्ध आहे, अशी एक गोष्ट सर्वत्र सांगतात. ती खरी नाहीं. खरें इतकेंच कीं, बारमाही गोठलेल्या जमिनींत प्रेत कुजत नाहीं व हळूहळू वर येतें; म्हणून तेथें पुष्कळ वर्षांपासून शवपेटिका पुरीत नाहींत, रक्षेचा कलश मात्र परवानगीनें ठेवतां येतो. वृद्धांच्या दीर्घ शुश्रूषेचीही तेथें व्यवस्था नाहीं. गरोदर स्त्रियांनाही प्रसूतीच्या कांहीं आठवडे आधीं मुख्य भूमीवर जावें लागतें. आपल्या घरांत जन्म आणि मृत्यु दोन्ही एकाच छपराखालीं होत आले. त्या गांवांत दोहोंसाठींही बाहेर जावें लागतें. अशक्तपणा हा आयुष्याचा भाग मानणारें तें गांवच नव्हे. हें कठोर वाटेल, पण जाणाऱ्यानें हें समजूनच जावें.

तेव्हां आमचा सल्ला असा. अडुसष्ट हें वय नकारास पुरेसें कारण नाहीं. जो गृहस्थ रोज न थांबतां अर्धा तास चालतो, दोन मजले चढतो, ज्याच्या हृदयाची वा श्वासाची तक्रार नाहीं, आणि ज्यास त्याचे नेहमींचे वैद्य हवेची व अंतराची पूर्ण कल्पना देऊनही ‘जा’ म्हणतात, त्यानें जूनमध्यें जावें. गांवांत चार रात्री राहावें, दिवसाची जहाजसफर करावी, व आठ-दहा दिवसांच्या दूरच्या सफरीचा मोह टाळावा. औषधें दुप्पट दिवसांचीं घ्यावीं. निम्मीं स्वतःच्या हातांतील पिशवींत आणि निम्मीं दुसऱ्याच्या. सामानाच्या पेटींत एकही नको. वैद्यांचें पत्र औषधांच्या मूळ नांवांसह इंग्रजींत असावें. आणि प्रकृतीची जी गोष्ट आपण मुलांपासून लपवितों, ती या एका प्रवासापूर्वीं सांगून टाकावी. ‘मुलांना उगीच चिंता नको’ हा आपल्या पिढीचा स्वभाव आहे. तेथें तो घातक आहे. त्याच न्यायानें, वैद्यांनीं नको म्हटलें तर मुलांनींही भावनेच्या भरांत आग्रह धरूं नये. आईवडिलांना जग दाखविण्याची इच्छा थोर आहे. त्यांना सुखरूप परत आणणें त्याहून थोर.

काय पाहावें ?

गांवांतील संग्रहालय पहिल्याच दिवशीं पाहावें. पुढें जें दिसेल त्याचा अर्थ तेथें कळतो. विमानतळावरच्या डोंगरांत २६ फेब्रुवारी २००८ रोजीं सुरू झालेलें जागतिक बियाण्यांचें कोठार आहे. शून्याखालीं १८ अंशांवर जगभरच्या पिकांचीं बियाणीं तेथें जपून ठेवलीं आहेत. आंत प्रवेश नाहीं, पण बाहेरून दार पाहतां येतें. हैदराबादजवळच्या आंतरराष्ट्रीय पीकसंशोधन संस्थेनें पाठविलेली ज्वारी, बाजरी, तूर व हरभरा त्या दारामागें आहेत. म्हणजे आपल्या कोठींतलेंच धान्य तेथें ठेवीसारखें ठेवलेलें आहे.

कांहीं जहाजें नी-ऑलेसुंड या संशोधकांच्या वस्तीस जातात. येथूनच १९२६ सालीं आमुंडसेन ‘नॉर्गे’ नांवाच्या हवाई जहाजांतून ध्रुवावरून गेला. येथें जुलै २००८ मध्यें भारतानें ‘हिमाद्रि’ हें संशोधनकेंद्र उघडलें. त्याचा कारभार गोव्यांतील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राकडून चालतो. आपल्या मोसमी पावसाशीं या बर्फाचा संबंध काय, हाही तेथील अभ्यासाचा एक विषय आहे. इमारत बाहेरूनच पाहावी; तें कामाचें ठिकाण आहे. तेथील नाजूक यंत्रांना बाध येऊं नये म्हणून फोनच्या बिनतारी लहरी बंद ठेवण्याचा नियम आहे, तो वस्तीच्या बऱ्याच आधींपासून पाळावा.

काय आणूं नये ?

१९४६ पूर्वींची मानवी वापराची प्रत्येक खूण त्या बेटांवर कायद्यानें संरक्षित आहे. गंजलेला खिळा, फुटकी फळी, जुन्या शिकाऱ्यांच्या झोपडीचा दगड, कांहींही हलवूं नये. फुलें तोडूं नयेत. थंडींत तेथें कांहीं कुजत नाहीं व कांहीं लौकर भरूनही येत नाहीं. शेवाळावर उमटलेलें पाऊल कित्येक वर्षें दिसतें. तीर्थाहून गंगाजल आणण्याची आपली संवय येथें बाजूस ठेवावी.

नातवंडांसाठीं मात्र एक गोष्ट अवश्य आणावी. एक मीटर लांबीची काठी मिळवावी आणि २१ जूनच्या सुमारास मोकळ्या, सपाट जागीं ती उभी धरावी. उन्हाळ्यांत तेथील घड्याळ एक तास पुढें केलेलें असतें, म्हणून खरी मध्यरात्र घड्याळांत एक वाजतां होते. नव्वदांतून गांवाचे अक्षांश ७८.२ वजा केले कीं ११.८ उरतात, सूर्याच्या उत्तर क्रांतीच्या २३.४ अंशांतून ते ११.८ वजा केले कीं ११.६. इतकाच सूर्य त्या वेळीं क्षितिजावर असतो, आणि काठीची सांवली पांच मीटरांस थोडी कमी भरते. दुपारीं एक वाजतां तीच बेरीज करून ३५.२ अंश येतात, आणि सांवली दीड मीटराहूनही आंखूड होते. दोन्ही सांवल्या सुतळीनें मोजून त्या सुतळीस गांठी मारून आणाव्या. घरीं पोंचल्यावर मुलांपुढें पाटी ठेवून आधीं गणित करवावें, मग सुतळी उलगडून दाखवावी.